रडणारी आई नको, टेबलामागचा साहेब आणा

२० जून हा जागतिक निर्वासित दिन. या निमित्ताने नाटक, कविता, गाणं असं काही करत असाल तर कळवा, असं मी गेल्या अंकात दोन ओळींत लिहिलं होतं, तर पत्रांचा ढीगच आला. काहींनी अख्ख्या संहिता पाठवल्या. (बाप्पा, चाळीस पानांचं पथनाट्य असतं का कुठं?) सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. ज्या शंका पुन्हा पुन्हा आल्या त्या घेतल्या आहेत.

ताई, आम्ही धरमपेठेतल्या एका कॉलेजची मुलं. पथनाट्य बसवतोय. दोघं जण निळी साडी धरून हलवतात, तो समुद्र. त्यात नाव, नावेत आई आणि कडेवर बाळ. नाव उलटते, आई टाहो फोडते. तालमीत सगळे रडतात. पण आमच्यातली एक मैत्रीण म्हणते, यात नवीन काय? तुम्हाला काय वाटतं?

मैत्रिणीला दिग्दर्शन द्या. निळ्या साडीबद्दल माझं वैयक्तिक भांडण आहे. पूर असो, नदी असो, अश्रू असोत, नागपूरच्या प्रत्येक पथनाट्यात ती हजर असते. पण खरी अडचण साडीची नाही. तुमचं नाटक जिथे संपतं तिथून पुढचं कोणालाच ठाऊक नाही. नाव उलटते हे बर्डीवरच्या माणसाने टीव्हीवर पाहिलेलं आहे. तो हळहळतो, डोळे पुसतो, आणि डोळे पुसले की त्याच्या मनातला हिशेब मिटतो. नाव बुडाली नाही, माणूस काठाला लागला, मग काय झालं? ते दाखवा.

काठाला लागलेल्या माणसाला सिद्ध करावं लागतं की तो खरंच पळून आलाय. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात निर्वासित कोणाला म्हणायचं हे ठरवून दिलं आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत, या पाचांपैकी एका कारणाने छळ होईल अशी रास्त भीती हवी, आणि माणूस आपल्या देशाबाहेर हवा. दुष्काळ त्या यादीत नाही. भूक नाही. अर्ज केल्यापासून निकाल लागेपर्यंत तो नुसता आश्रय मागणारा. निकाल बाजूने लागला तर निर्वासित. आणि निकाल लागतो मुलाखतीवर. एक टेबल, एक अधिकारी, एक दुभाषा. तासन् तास प्रश्न, आणि तेच प्रश्न फिरून फिरून, उत्तरं जुळतात का ते बघायला.

मला दिसतो तो प्रवेश असा:

साहेब: गाव कधी सोडलं?
तो: पेरणीच्या आधी.
दुभाषा: जूनमध्ये म्हणतो, साहेब.
साहेब: तारीख?
तो: त्या रात्री चंद्र नव्हता.
दुभाषा: तारीख आठवत नाही म्हणतो.
साहेब (लिहीत): तारीख... सांगता... येत नाही. भाऊ किती?
तो: तीन.
साहेब: मघाशी दोन म्हणालात.
तो: मघाशी तुम्ही विचारलं, आता किती आहेत.

इथे थांबा. कोणी रडत नाही, कोणी ओरडत नाही, आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. साहेबाला खलनायक करू नका हं. त्याच्यापुढे फायलींची थप्पी आहे, त्याला संध्याकाळपर्यंत पाच उरकायच्या आहेत, आणि त्याच्यासमोर कधीमधी खोटं बोलणारेही बसतात. तो वाईट असता तर नाटक सोपं झालं असतं.

आता माझा मुख्य मुद्दा. या माणसाने आपलं दुःख एकदा परक्यासमोर, पटेल अशा रीतीने, क्रमवार, हुंदके आवरून सादर केलेलं आहे. त्या सादर करण्यावर त्याचा जीव टांगलेला होता. म्हणजे प्रयोग त्याने आधीच दिला आहे, आणि त्याचा परीक्षक तुमच्या एकांकिका स्पर्धेतल्या परीक्षकापेक्षा कितीतरी कडक होता. तुम्ही स्टेजवर त्याला पुन्हा तेच करायला लावता, फक्त टाळ्यांसाठी. म्हणून तो रडताना दाखवू नका. त्याचं रडणं ज्या टेबलावर तपासलं जातं ते टेबल दाखवा.

प्रवेश झाला की सूत्रधाराने पुढे येऊन विचारावं, "दुभाष्याच्या जागी कोण येतं?" प्रेक्षकातून एखादा येईल, पुन्हा तोच प्रवेश करा. ही रीत ब्राझीलच्या ऑगस्टो बोआलची. प्रेक्षकाने नुसतं बघायचं नाही, उठून प्रवेश बदलायचा. त्याच्या कामापायी त्याला अटक झाली, छळ झाला, आणि १९७१ मध्ये त्याला देश सोडावा लागला. पंधरा वर्षं बाहेर काढली त्याने. बंगालमध्ये 'जन संस्कृती' नावाचा गट १९८५ पासून खेड्यापाड्यांत याच रीतीने नाटक करतो. आपल्याकडे कोणी उठणार नाही अशी भीती असते, पण नागपूरचा माणूस सल्ला द्यायला मागे राहिल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

एक दुरुस्ती. तुमच्या संहितेत "भारताने निर्वासित करारावर सही करून त्यांना आपलंसं केलं" असं वाक्य आहे. ते काढा. भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या पुरवणी करारावरही नाही. निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही. तिबेटी आणि श्रीलंकेचे तमीळ यांचं सरकार स्वतः बघतं. अफगाण, म्यानमारचे वगैरे लोक दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयात नोंद करतात. तिथे मिळतं ते कार्ड, नागरिकत्व नव्हे. तरीही सही न केलेल्या या देशाने लाखोंना ठेवून घेतलं, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच नाटकात मावतात.

ताई, मी मनीषनगरला राहते, कविता करते. एका काव्यवाचनासाठी लिहिलेल्या या ओळी: "मी निर्वासित, मला नाही घर / माझ्या डोळ्यांत आसवांचा सागर / कुठे जाऊ मी, कोणाला मारू हाक / माणुसकीचीच झाली इथे राख." एकजण म्हणाला, तू कधी घर सोडलं नाहीस, तुला 'मी' म्हणायचा हक्क काय? खरंच नाही का?

हक्क आहे. एकनाथ महाराजांनी भारुडात आंधळ्याच्या, वेडीच्या, जोशाच्या तोंडून बोलून घेतलं, त्यांना कोणी दाखला मागितला नाही. पण जोशी झाले तेव्हा त्यांच्या काखेत पंचांग होतं. सोंग घ्यायचं तर त्या माणसाच्या हातातली वस्तू ठाऊक हवी. तुमच्या ओळींत एकही वस्तू नाही. सागर आहे, राख आहे, माणुसकी आहे. हे तिन्ही शब्द सहा महिने कपाटात ठेवा आणि किल्ली माझ्याकडे द्या.

स्वतःला विचारा: अर्ध्या तासात घर सोडायचं आहे, काय उचलाल? मी खेड्यातली बाई डोळ्यांपुढे आणली आणि असं काहीसं आलं:

सातबारा घेतला. शेत उचलता येईना.
धाकटीची वही घेतली, निम्मी कोरी होती.
म्हशीचं दावं सोडून दिलं,
ती फाटकापर्यंत आली
आणि सवयीने गोठ्यात परत गेली.

फार थोर कविता नाही, मला माहीत आहे. पण यात आसू नाही, आणि 'निर्वासित' हा शब्दही नाही. तो शीर्षकात टाका किंवा टाकूच नका. तुमच्या शेजारणीला वाचून दाखवा. ती म्हशीपाशी थांबली तर जमलं.

दुसरं, ज्यांनी स्वतः भोगलं त्यांचं आधी वाचा. बेहरूज बूचानी हा इराणचा कुर्दी पत्रकार. बोटीने ऑस्ट्रेलियाला निघाला, त्याला पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावर डांबून ठेवलं. तिथून त्याने अख्खं पुस्तक फोनवर, एकेक मेसेज करत बाहेर पाठवलं. २०१९ मध्ये त्याला ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचा सर्वांत मोठा साहित्य पुरस्कार मिळाला, आणि तो घ्यायला त्याला ऑस्ट्रेलियात पाऊल टाकता आलं नाही. त्याच्या लिहिण्यात राग आहे, टवाळी आहे, तुरुंगातल्या माणसांना ठेवलेली टोपणनावं आहेत. दुःख भोगणारा माणूस चोवीस तास दुःखी नसतो, हे बाहेरून लिहिणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

आणि वाचताना मागे बासरी लावू नका. हात जोडते.

भगिनी, मी जरीपटक्याला राहतो. आम्ही सिंधी. वडील फाळणीनंतर कराचीहून आले, मी तेव्हा मांडीवर होतो. नातीच्या शाळेत कार्यक्रम आहे, बाई म्हणतात आजोबांना स्टेजवर बोलवा, "निर्वासित म्हणून अनुभव" सांगू द्या. मला त्या शब्दाची चीड आहे. आम्ही दुकान टाकलं, कर भरला, या गावाला दिलं. नातीचं मन मोडायचं नाही. काय करू?

दादा, साफ नाही म्हणा आणि तरीही स्टेजवर जा. "निर्वासित म्हणून" नाही, दुकानदार म्हणून. पहिलं दुकान कसं टाकलं ते सांगा. माल उधारीवर कोणी दिला, कोणी दिला नाही. नागपुरी बोली शिकताना गिऱ्हाईक काय हसायचं. घरात सिंधी, गल्ल्यावर मराठी-हिंदी, हे कधी सुरू झालं. पोरांना हेच ऐकायला आवडतं. कराची किती गेली ते त्यातून आपोआप कळेल, तुम्ही त्याचं नाव घेतलं नाही तरी.

बाईंनाही माझा निरोप द्या: ज्याला बोलवायचं त्याला काय बोलायचं ते आधी विचारा, मग पत्रिका छापा. जुन्या जखमेचं नाव कोणी कार्यक्रमपत्रिकेवर छापून आणलं तर कोणालाही चीड येईल.

तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की अलीकडे सिंधहून आलेली काही कुटुंबं तुमच्याच गल्लीत लांब मुदतीच्या व्हिसावर आहेत, त्यांनाही बोलवावं का. नाटकाचा विषय म्हणून जरूर, माणसं म्हणून जपून. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती लोकांसाठी ३१ डिसेंबर २०१४ ही तारीख आहे, तोपर्यंत आलेल्यांनाच त्या कायद्याने नागरिकत्व मागता येतं. त्या दिवसापर्यंत आलेला एक भाऊ, आणि दोन महिन्यांनी आलेला दुसरा. एकाच घरात, एकाच ताटात जेवणारे. यावर एकांकिका लिहायला तुमच्या नातीच्या वर्गातली मुलं लहान आहेत, पण एखाद्या कॉलेजने हे वाचून उचलावं असं मला वाटतं. जे आज अर्जदार आहेत त्यांचं नाव, फोटो, मागच्या गावाचं नाव काहीही येता कामा नये. अर्जावर परिणाम होईल का हा एक प्रश्न, आणि तिकडे मागे राहिलेल्या नातेवाइकांचं काय हा दुसरा.

ताई, आम्ही इतवारीकडचे पोट्टे. दरवर्षी पोळ्यानंतरच्या मारबतीच्या मिरवणुकीत आमचा बडग्या, म्हणजे मोठा पुतळा, असतो. यंदा म्हटलं निर्वासितांवर करू. मोठी बाई, डोक्यावर बोचकं, कडेवर पोरगं. आयडिया कशी?

कला छान, जागा चुकली. अरे, बडग्या कोणाचा करतो आपण? महागाईचा, भ्रष्टाचाराचा, रोगराईचा. जे गावातून जावं असं वाटतं त्याचा. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" असं ओरडत वेशीबाहेर नेतो आणि जाळतो. आता त्या जागी बोचकंवाली बाई उभी कर आणि स्वतःच ऐक, तू काय ओरडून राहिलास ते. तिला तर एका गावाने आधीच असं बाहेर काढलंय.

मारबतीतच करायचं असेल तर सीमेवरच्या दलालाचा बडग्या करा, माणशी पैसे घेऊन गळक्या नावेत बसवणारा. त्याच्या गळ्यात लाइफ जॅकेटांची माळ घाला, सगळी फाटकी. त्याला खुशाल जाळा.

बाई करायचीच असेल तर दुसऱ्या एखाद्या दिवसासाठी करा, न जाळता, रस्त्याने नुसती चालवायला. हे झालेलं आहे. २०२१ मध्ये एका सीरियन पोरीची साडेतीन मीटर उंच बाहुली तुर्कस्तानातल्या गाझीआन्तेपपासून इंग्लंडच्या मँचेस्टरपर्यंत नेली, जवळजवळ ८,००० किलोमीटर. नाव अमल, वय दहा. दक्षिण आफ्रिकेच्या हँडस्प्रिंग या बाहुल्यांच्या कंपनीने ती घडवली होती. आत एक जण बांबूच्या पायांवर चालतो तसा उंच पायांवर, बाहेर दोघं हात धरून. ती काही बोलत नव्हती. गावोगाव लोकांनी तिचं स्वागत केलं, कुठे पोरं तिला हात लावायला धावली, ग्रीसमध्ये कुठे दगडही आले. दगड आले म्हणजे नाटक चाललं, असं मी म्हणेन, पण बाहुलीच्या आतल्या माणसाला विचारा तो काय म्हणतो! आपल्या पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यापुढे साडेतीन मीटर म्हणजे काहीच नाही. तुमच्याकडे बांबू आहे, कामटी वाकवणारे हात आहेत. ती बाहुली जरीपटक्यातून निघून दीक्षाभूमीपर्यंत चालली, वाटेत एका घरी पाणी प्यायला थांबली, एवढं नाटक बास आहे.

नमस्कार ताई. हिवाळ्यात स्वेटर विकायला तिबेटी लोक येतात त्यांच्यापैकी एका मुलीशी माझी ओळख आहे. ती सुंदर गाते. तिला आमच्या कार्यक्रमात "तिबेटचं दुःख" गायला सांगू का?

तिला गायला सांग. काय गायचं ते तिचं तिला ठरवू दे. ती एखादं लग्नातलं गाणं म्हणाली तर "दुःखाचं नाही का" असं विचारू नकोस.

ती कदाचित आपल्या विदर्भातलीच असेल, हे तुला ठाऊक आहे का? गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे, १९७२ पासून. तेव्हा तो भंडारा जिल्हा होता, म्हणून तिबेटी लोक अजूनही तिला भंडाऱ्याची वसाहत म्हणतात. तिथे भातशेती करतात आणि थंडीत माल घेऊन शहरात येतात. स्वेटर बहुतेक लुधियानाचे. आजी तिबेटमध्ये जन्मली, आई गोठणगावात, ही गोठणगावात, आणि तरी हिच्याजवळ परदेशी माणसाचं नोंदणी प्रमाणपत्र असतं, ज्याची मुदत संपली की नूतनीकरण करावं लागतं. झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातली, बोली आपल्यापेक्षा फर्मास बोलत असेल ती.

आणि एक गोष्ट, जी नाटकवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. दलाई लामा मार्च १९५९ मध्ये भारतात पोचले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कालिम्पाँगला तिबेटी नाच-गाण्यांची संस्था सुरू झाली, आज ती धरमशाळेला आहे. लोक तंबूत होते, रस्ते बांधायच्या कामावर खडी फोडत होते, आणि त्यांनी संस्था काढली ती ल्हामोची. ल्हामो म्हणजे त्यांचं दिवस दिवस चालणारं संगीत नाटक. ते आपली व्यथा जगाला कळावी म्हणून नव्हतं. मुखवटे कसे बांधायचे, स्वर कसा लावायचा हे जाणणारे म्हातारे मरण्याआधी पोरांनी शिकावं म्हणून होतं. तेव्हा त्या मुलीला स्टेजवर आणशील तर जनजागृतीच्या बॅनरखाली नको. गायिका म्हणून आण, इतर गायिकांना जे मानधन देता ते दे, आणि डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळची वेळ ठेवू नकोस, तोच तिचा धंद्याचा टाइम.

बाई, गोसेखुर्दच्या धरणात आमचं गाव गेलं. आम्हाला मोबदल्यासाठी किती चपला झिजवाव्या लागल्या ते आम्हालाच माहीत. आमच्यावर कोणी नाटक करत नाही, आणि तुम्ही सीरिया, म्यानमार करून राहिल्या. काहून?

तुमचा राग रास्त आहे, त्याला मी लोणी लावणार नाही. १९८८ मध्ये त्या धरणाची पायाभरणी झाली आणि त्यानंतर कितीतरी गावं उठली. कायद्याच्या भाषेत तुम्ही निर्वासित नाही कारण तुम्ही सीमा ओलांडली नाही. प्रकल्पग्रस्त म्हणतात तुम्हाला. पण जगाचे आकडे पाहा. २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसं छळ, युद्ध, हिंसा यांच्यामुळे घराबाहेर होती, आणि त्यांतली ७ कोटी ३५ लाख आपापल्या देशातच. धरणाने उठलेले तर या मोजणीत धरलेलेच नाहीत. जे सीमा ओलांडतात त्यांतलेही तीनातले दोन शेजारच्याच देशात थांबतात. म्हणजे बहुतेक माणसं फार लांब जात नाहीत, जवळच कुठेतरी अडकतात. तुमच्यासारखीच.

तुमचं नाटक तुम्हीच करा असं म्हणून मी हात झटकत नाही. वर कॉलेजच्या मुलांना जे टेबल सांगितलं ना, साहेब, दुभाषा आणि तो, त्या टेबलाला तुम्ही बसलेला आहात. भूसंपादन कार्यालयातलं. "घर होतं याचा पुरावा?" "घर पाण्याखाली आहे, साहेब." हा संवाद मी बनवलेला, तुमच्याजवळ याहून भारी खरे असतील. त्या मुलांनी माझ्यामार्फत संपर्क केला तर त्यांच्या तालमीला एकदा येऊन बसाल का? साहेब फाइल कशी बंद करतो, पेन खिशात कधी ठेवतो, हे त्यांना तुम्हीच शिकवू शकता. मग प्रयोगाच्या शेवटी एकच टेबल ठेवून खुर्चीतला माणूस बदला: आधी अफगाण, मग तुम्ही.

चामोर्शीकडच्या एका शाळेतला मी शिक्षक. वर्गात निम्मी मुलं बंगाली वसाहतीतली. नाटक मराठीत करू की बंगालीत?

दोन्हीत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या त्या कुटुंबांना १९६० च्या दशकात जंगलात जमीन दिली गेली, तेव्हा ती आणि तिथली मूळ आदिवासी व मराठी माणसं एकमेकांची भाषा न समजता शेजारी झाली. नाटकातही तेच होऊ द्या: आजी बंगालीत बोलते, शेजारीण झाडीबोलीत, आणि दोघींचं जमतं ते माशाच्या भावावरून. दंडारीचा, म्हणजे झाडीपट्टीतल्या नाच-गाण्याच्या लोकनाट्याचा, बाज ठेवा, मुलांना नाचायला मिळेल. शेजारणीच्या बाजूचाही एक प्रवेश लिहा, जमीन कोणाच्या वाट्याची गेली असं तिला वाटलं तो. नाहीतर ते नाटक फक्त निम्म्या वर्गाचं होईल.

परवानगी लागते का? आणि प्रयोगाचे फोटो, व्हिडिओ टाकायचे का?

लागते. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घ्या, चौकात करणार असाल तर पोलीस ठाण्याचं पत्र आणि महापालिकेच्या झोन ऑफिसचं. माइक लावणार असाल तर अर्जात तसं लिहा. रात्री दहानंतर तो तसाही बंद. कॉलेजच्या आवारात केलं तर निम्मी धावपळ वाचते. २० जूनला विदर्भातल्या शाळा बहुतेक उघडलेल्याच नसतात आणि ऊन अजून उतरलेलं नसतं, नाहीतर मृगाचा पहिला पाऊस नेमका गाठतो. म्हणून तारखेचा हट्ट धरू नका. जुलैत करा, संध्याकाळी साडेसहाला, छत असलेल्या जागी.

फोटो नटांचे टाका, खुशाल. खरा निर्वासित किंवा अर्जदार प्रेक्षकात बसला असेल तर त्या बाजूला कॅमेरा वळवू नका, आणि "आज आपल्यात खास पाहुणे आहेत" असं माइकवरून जाहीर करू नका. व्हिडिओ टाकण्याआधी ज्याची हकीकत वापरली त्याला आधी दाखवा. तो म्हणाला हे काढा, तर काढा. कारण विचारू नका. झोळी फिरवणार असाल तर पैसे कोणाला जाणार ते फिरवण्याआधी सांगा आणि जमलेला आकडा तिथेच मोजून बोला. राहिली एक गोष्ट: ज्यांनी चाळीस पानं पाठवली त्यांनी बारा करून पुन्हा पाठवावी, मी वाचेन.